शिवणीवरचं दहिवर

कोटाची चेन तुटली ती कचेरीच्या पायरीवर, दुपारी साडेबाराला. इनुकीनं सवयीनं हनुवटी वर केली, एका हातानं कोटाचं टोक ताणून धरलं, दुसऱ्यानं चेन ओढली, आणि अकरा हिवाळे जी बिनबोभाट गळ्यापर्यंत चढत आली होती ती आज छातीशीच अडली. तिनं जरा जोर लावला. कट् असा बारीक आवाज झाला, एक सुटा दात बोटाला टोचला, आणि मग खालपासून वरपर्यंत ओळच्या ओळ उकलत गेली, माशाचं पोट चिरावं तशी. खाडीवरचा वारा जणू इतकी वर्षं या दाराशीच ताटकळत उभा होता. तो आत शिरला, स्वेटरच्या विणीतून गेला, सदऱ्याच्या दोन बटणांमधली फट त्यानं बरोबर हुडकून काढली आणि आपला गार पंजा तिच्या बरगड्यांवर सपाट टेकवला. शून्याखाली चौतीस होतं. मागून येणारी टेलिफोनवरची बाई म्हणाली, "अगं, वेडी का खुळी, आत हो, पिना तरी लाव." इनुकीनं कोटाची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि ती हसली. हसू का आलं ते तिला लगेच कळलं नाही. पण पोटात काहीतरी उडी मारून बसलं होतं, कुत्र्यांच्या जू-दोऱ्या बांधताना कुत्री जशी जागच्या जागी उसळतात तसं.

उतारावरून चालताना ती ते उसळणं चाचपत राहिली. खरं म्हणजे घाबरायला हवं होतं. उद्या सकाळी सातला तिचा भाऊ जोआमी बर्फाच्या कडेला निघणार होता, जिथं किनाऱ्याला चिकटलेला बर्फ संपतो आणि उघडा समुद्र काळाभोर वाफाळत असतो तिथं; आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घसरगाडीवर तिची जागा होती. अडतीस वर्षांची झाली ती. तिच्याबरोबर शाळेत असलेल्या बायका कडेला जाऊन सील मारून आल्या, त्यांच्या मुलीही जाऊन आल्या. इनुकी मात्र नगरपालिकेच्या कचेरीत बसून पाण्याच्या आणि कचऱ्याच्या सूचनांची भाषांतरं करत राहिली आणि खिडकीतून खाडी बघत राहिली. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तिच्या आईच्या मावशीनं, म्हाताऱ्या आर्नाकुकनं, फक्त नाक मुरडलं होतं. दर वसंतात इनुकी विचारायची, आणि दर वसंतात म्हातारी नाकाला अशी बारीक सुरकुती घालायची की विषय संपलाच. या वर्षी पहिल्यांदा म्हातारी म्हणाली होती, "माझ्या हातचं घालून जाणार असाल तर बघू." त्या 'बघू'वर दोघींनी मिळून सबंध हिवाळाभर कॅरिबू हरणाच्या कातड्याचा पोषाख शिवला होता. आणि हा जो आता मुठीत फडफडत होता, निळा, पिसांचा, दक्षिणेतल्या कारखान्यातला कोट, तो इनुकी गुपचूप घसरगाडीवर ताडपत्रीखाली बांधून नेणार होती. असू दे आपला. लागलाच तर. जोआमीशिवाय कुणालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. स्वतःलाही तिनं ते असं तोंड भरून कधी सांगितलं नव्हतं. कातडं म्हातारीचं, पण भरवसा चेनवर. आता चेनच गेली. म्हणजे उद्या अंगावर जे असेल तेच आणि तेवढंच. त्याच्या मागं दुसरं काही नाही. हेच ते उसळणं होतं. हातातली काठी मोडावी आणि मग कळावं की आपण केव्हापासून चालतोच आहोत, तसं काहीतरी. कोट वाईट नव्हता, त्यानं अकरा हिवाळे तिला सांभाळलं होतं. तिनं मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. पण त्याची चेन कुणी लावली, कुणाचे हात होते, त्या हातांना ती कुठं जातेय हे ठाऊक होतं का, हे तिला कधी कळणार नव्हतं.

वारा आता कोटाच्या आत चांगला रुळला होता. तिनं मान खाली घातली आणि पावलं झपझप टाकली. आर्नाकुकचं घर गावाच्या पार टोकाला, जुन्या वस्तीत, दगडांच्या कुशीत होतं. लहानपणी या वाटेवरून यायची तिला लाज वाटे. आर्नाकुकचा नवरा, त्याचंही नाव इनुकी, फेब्रुवारीत कडेकडं जाताना गोठून गेला, आणि मे महिन्यात आईला ही मुलगी झाली. म्हातारी तेव्हा म्हातारी नव्हती, इनुकी आज आहे साधारण तेवढीच होती. ती बाळंतिणीच्या खोलीत आली, बाळाच्या कपाळावर नाक टेकवून तिनं दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "आलात का." नाव ठरलं. तेव्हापासून ती इनुकीला 'अहो' म्हणत आली. पाच वर्षांची इनुकी, नाक गळतंय, पायांत उलटेसुलटे मोजे, आणि जेवायला सगळे खाली फरशीवर गोठलेल्या माशाभोवती बसलेत; आर्नाकुक माशाच्या गालाचा गोड तुकडा काढून पुढं करायची, "अहो, आधी तुम्ही." पोरं खिदळायची. जोआमी तर तिला आजही 'दाजी' म्हणतो. आणि इनुकीनंही उलट म्हणायचं ते शिकून घेतलं होतं, आईनंच शिकवलं होतं, "तिला बायको म्हण, तिला बरं वाटतं." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा म्हातारी चुलीकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली होती. बाकी सगळ्यांना ही रीत अंगवळणी होती, प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं माणूस लंगोटात परत आलेलं असतंच. पण इनुकीला रात्री अंथरुणात कधीकधी वाटायचं, आपल्या आत एक पुरुष बसलाय, दाढीवर बर्फ, आणि तो काही बोलत नाही. तो ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं हिला जायचं होतं. का, ते सांगता येत नव्हतं. खिडकीतून खाडी दिसली की पायाचे तळवे आपोआप गरम व्हायचे, एवढंच.

आणि मग हा हिवाळा. ऑक्टोबरात पश्चिमेकडून कातडी आली, शरदातल्या जनावरांची, केस आखूड आणि दाट. दोघी घराच्या न तापवलेल्या खोलीत बसायच्या, कारण कातड्याला ऊब सोसत नाही, ते ती माणसासाठी राखून ठेवतं. खरवडायचं, ओलवायचं, चावायचं, परत खरवडायचं. कचेरीत इनुकीचे जबडे दुखायचे आणि दुखणं तिला दागिन्यासारखं वाटायचं. जनावराच्या पाठीच्या स्नायूचा दोरा म्हातारी गालावर वळायची, दातांतून ओढून सरळ करायची, आणि मग दोघी एकाच दिव्याखाली, एक अंगरखा दोन बाजूंनी. म्हातारीच्या डोळ्यांत आता दुधाचा थर आला होता. ती बोटांनी बघायची. गुणगुणायची,

टाक्याला टेकला टाका, जशी बहिणीला बहीण
वाऱ्या रे पाव्हण्या, तुला बसू कुठं देईन

आणि मध्येच थांबून इनुकीच्या शिवणीवरून नख फिरवून म्हणायची, "अहो, ही बहीण रुसलीय. लांब बसलीय." मग उसवायचं. इनुकीनं एकेक शिवण तीनतीनदा उसवली. आपली बोटं इतकी मूर्ख आहेत हे तिला कधी माहीत नव्हतं, आणि मूर्ख बोटं हळूहळू शहाणी होतात तेव्हा किती मजा येते हेही.

घरासमोर जोआमी घसरगाडीच्या फळ्यांना दोर आवळत होता. तिला बघून तो सरळ झाला. "काय दाजी, छाती उघडी टाकून? जोर आलाय वाटतं."

"चेन तुटली."

"अरे वा. म्हणजे गाडीवरचं एक ओझं कमी."

"हळू बोल की. ऐकेल ती."

"ऐकेल? मीच सांगितलंय तिला मंगळवारी." तो दातांत दोर धरून हसला. "तिनं विचारलं, यादीत काय काय आहे. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलू का आता?"

इनुकी बाहेरचं दार ढकलून गार पडवीत शिरली. इथं भिंतीवर अंगरखा, विजारी, हातमोजे सगळं थंडीत टांगलेलं होतं, आणि आर्नाकुक एका पेटीवर बसून सीलच्या कातड्याचा बूट तोंडाशी धरून त्यात फुंकत होती. गाल फुगवले, बुटाचं तोंड मुठीत आवळलं, आणि शिवण कानाशी आणून ती ऐकत राहिली. हवा कुठून निसटली नाही. तिनं बूट खाली ठेवला.

"दात पडले वाटतं तुमच्या कोटाचे," ती म्हणाली.

"कळलं होय तुला."

"दारातनं वाजत आलात. आणि माझ्या पाठीमागं त्याला फिरायला न्यायचा बेत होता तुमचा. नवऱ्यानं असं वागावं?"

"चुकलं, बायको."

"चुकलं म्हणे. बायकोच्या हातचं खायचं आणि खिशात दुसरीकडची भाकरी ठेवायची." पण आवाजात राग नव्हता, तिलाही आज कसलीतरी घाई झाली होती, बोटं मांडीवर थांबत नव्हती. "काढा ते. हे चढवा. पलीकडच्या दगडी बंधाऱ्यापर्यंत जा, तिथून बर्फावर उतरा, अर्धा तास खाडीत चाला, धावा, घाम येऊ देऊ नका पण अंग तापू दे. मग या. मी बघितल्याशिवाय उद्याचं नाव काढायचं नाही."

"बघणार काय?"

"आलात की कळेल."

आतला अंगरखा केस आत करून, बाहेरचा केस बाहेर करून. डोक्यावरून घेताना क्षणभर काळोख झाला आणि त्या काळोखाला जनावराचा, धुराचा आणि म्हातारीच्या हातांचा वास होता. मग डोकं वर आलं. वजनच नव्हतं. निळ्या कोटाचं वजन असायचं, तो सारखा सांगायचा की मी आहे, मी आहे. हे काही सांगत नव्हतं.

बंधाऱ्यापलीकडं खाडी मार्चच्या उन्हात पांढरी, इतकी पांढरी की निळी. वारा तोंडावर आला आणि तिथंच थांबला. गालाला चावला, पण गळ्याखाली त्याला वाटच मिळेना. इनुकी चालली, मग तिनं पावलं वाढवली, मग लहान पोरासारखी पळाली. बुटांचा तळवा मऊ होता, बर्फाची प्रत्येक लाट पायाला कळत होती. या रस्त्यांवरून ती आयुष्यभर चालत आली होती ती पाठीत पोक काढून, खांदे कानांशी नेऊन, एका गरम दारापासून दुसऱ्या गरम दारापर्यंत श्वास रोखून. थंडी म्हणजे दोन दारांमधला खर्ची पडलेला वेळ. आणि आता ती थंडीच्या मध्यात उभी होती आणि तिला कुठलंही दार नको होतं. खांदे खाली उतरले. ते इतके खाली असतात हे ती विसरली होती. तिनं हात पसरले, बाहीतून हात आत ओढून पोटाशी घेतले, ऊब जशीच्या तशी होती, चुलीपाशी झोपलेल्या मांजरासारखी. दूर, खाडीच्या तोंडाशी, क्षितिजावर काळसर पट्टा होता. उघड्या पाण्याची सावली आभाळावर पडते ती. तिकडं ती उद्या जाणार होती. उद्या या वेळी. तिच्या घशातून काहीतरी मोठ्यानं निघालं, हाक म्हणावी तर कुणाला मारलेली नव्हे. मग ती वळली आणि सगळा उतार धावत आली. जोआमी काहीतरी म्हणाला ते तिनं ऐकलं नाही, पडवी ओलांडली, आतलं दार उघडलं आणि थेट स्वयंपाकघरात, चहाच्या वाफेत, हीटरच्या घरघरीत जाऊन उभी राहिली.

"कुठंच लागला नाही! एवढासुद्धा नाही, बायको, तू बघायला हवं होतंस."

आर्नाकुक चूल सोडून उठली होती. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम गेलं. ती दोन पावलं पुढं आली, हात लांब केले, अंगरख्याच्या खांद्यावर, बगलेवर, बरगडीवर बोटं ठेवली, आणि बोटं ओली झाली. केसांच्या टोकांवर दवाचे थेंब चमकत होते, सगळीकडं सारखेच.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"बाहेर व्हा."

"अगं पण..."

"पडवीत बसले होते तिथंच बसून राहायला हवं होतं मी. चहा उतू जाईल म्हणून उठले. बाहेर व्हा म्हणते ना."

पडवीत म्हातारीनं तिच्या अंगावरून अंगरखा ओढून काढला, खुंटीवरचं लाकडी दांडकं घेतलं आणि ती तो झोडपायला लागली, एवढ्या जोरानं की इनुकी भिंतीला चिकटून उभी राहिली. पाणी गोठून कण व्हायचं आणि कण उडायचे. मग बडवता बडवताच, श्वास लागलेल्या आवाजात, तिनं सांगितलं. अंगातली ऊब वाईट शिवणीतून बाहेर पडते, आणि बाहेर पडल्या पडल्या तिचं दहिवर होतं, गोठलेलं दव. तिथंच, टाक्यांवर, पांढरं. नवा पोषाख घालून माणूस लांब जात नाही. आधी जवळच फिरून येतो, आणि ज्या बाईनं शिवलं ती दारातच ते दहिवर वाचते. बर्फाच्या घरात होतो तोवर काही अडत नव्हतं, दहिवर आतही टिकायचं, निवांत बघता यायचं. मग सरकारनं ही लाकडी घरं दिली. पहिल्याच हिवाळ्यात तिनं नवऱ्याला नवा अंगरखा शिवला. तो फिरून आला, असाच धावत, असाच आत, हीटरसमोर उभा राहून म्हणाला, लागला नाही कुठंच. ती बघायला गेली तर नुसतं पाणी. सगळीकडं सारखंच.

"मीही नवीनच होते त्या उबेला," आर्नाकुक म्हणाली. "म्हटलं, नाही लागला म्हणतायत तर नसेल लागला. दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं."

बडवणं थांबलं.

"आणले तेव्हा तो अंगरखा मला कुणी दाखवला नाही. अंगावर तसाच होता, तसाच पुरला. वादळानं मेले म्हणाले सगळे, वादळ होतंही. असेल वादळ. पण मी एकोणचाळीस वर्षं तो अंगरखा चाचपतेय. झोपले की चाचपते. इथं असेल, इथं असेल. कधी हाताला लागत नाही." तिनं कातडं झटकलं आणि खुंटीला लावलं. "वाळू द्या. मग परत जा. आणि या वेळी आत पाऊल टाकलंत तर बघा."

दुसऱ्या खेपेला इनुकी धावली नाही. सूर्य डोंगराकडं झुकला होता, तिची सावली लांब होऊन तिच्यापुढं चालत होती आणि टोपीच्या केसांमुळं त्या सावलीला डोकं नव्हतं, नुसता पिंजारलेला झुबका होता. आतला तो न बोलणारा पुरुष आज पहिल्यांदा तिला ओळखीचा वाटला. तोही असाच घाईचा होता तर. त्यालाही खांदे खाली आल्याचं कौतुक वाटलं असणार, त्यालाही कुणाला तरी सांगायचं असणार, आणि उबेत उभं राहून चहाच्या वासात सांगण्यात केवढं सुख असतं. तेवढ्यानं घात झाला. किंवा वादळानं झाला. तिला भीती वाटेल असं तिला वाटलं, पण पोटातलं उसळणं तसंच होतं, फक्त आता त्याला दिशा मिळाली होती. ती प्रत्येक पाऊल मोजून टाकत होती, भरलेलं भांडं घेऊन चालावं तसं. अंगावर जे उमटत होतं ते न सांडता न्यायचं होतं. डाव्या बगलेत काही आहे का? होतं. नव्हतं. एक बारीक टोक, सुईच्या अग्राएवढं गार. मघाशी धावण्याच्या भरात ते कळलं नव्हतं. ती थांबली, हात अंगाशी दाबला. डावी बाजू. डावी बाजू कुणाची, ते आठवायला तिला वेळ लागला नाही. उजवी तिनं शिवली होती.

आणि मग परतीची सगळी वाट ती एकच गोष्ट घोळवत राहिली. म्हातारीला सांगायचं कसं. एकोणचाळीस वर्षं ज्या बाईनं झोपेत एक शिवण शोधली, तिला जागेपणी, तिच्याच बोटांखाली ती दाखवायची? डोळे गेलेत, बोटंही गेली असं म्हणायचं? उद्या न गेलं तर? पुढच्या वर्षी जाऊ. खाडी कुठं पळून जात नाही. पण खाडीच्या तोंडाशी तो काळा पट्टा होता आणि तो तिला ओढत होता.

आर्नाकुक पडवीत पेटीवर बसून होती, अंगावर दोन शाली, बाहेरचं दार उघडं टाकून. इनुकी तिच्यापुढं उभी राहिली. हात आडवे पसरले. म्हातारी उठली, तोंड अगदी जवळ आणलं, श्वास रोखला, श्वासानंही वितळू नये म्हणून, आणि बोटांचे शेंडे खांद्यावरून निघाले. उजवा खांदा. उजवी बगल. पाठ. टोपीची कड. मग डावी बाजू. बोटं थांबली. इनुकीनं खाली बघितलं; बाहीच्या जोडाशी, करंगळीभर लांब, पांढरी रेघ होती, बारीक काट्यांची, पिलाच्या अंगावरच्या पहिल्या लवेसारखी.

"ती माझी शिवण," इनुकी घाईनं म्हणाली. "नोव्हेंबरात घातलेली. मला तेव्हा येत नव्हतं नीट. उसवते मी आणि..."

"गप्प बसा."

बोटं रेघेवरून गेली. परत आली.

"तुमचे टाके मला माहीत नाहीत होय? तुमचे टाके गर्दी करून बसतात, घाबरट आहेत, एकमेकांचा पदर सोडत नाहीत. हे लांब लांब कुणाचे? हे माझे." ती अजून श्वास जपून घेत होती. "माझेच हे. इथं कातडं दुहेरी होतं, हात दुखत होता, म्हटलं, चालेल."

"आजी..." इनुकी म्हणाली. ती तिला कधी आजी म्हणाली नव्हती.

म्हातारीनं गाल त्या बगलेशी नेला आणि दहिवर गालावर लावलं. ते वितळलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि इनुकीला आधी वाटलं ती रडतेय, नंतर कळलं की हसतेय, दात झिजलेल्या तोंडानं, आवाज न करता, आणि कदाचित दोन्हीही.

"सापडलं," ती म्हणाली. "आणि माणूस आतच आहे."

बाहेरून जोआमी म्हणाला, "काय निघालं? जाताय का नाही?"

"तू आपला दोर आवळ," आर्नाकुकनं त्याला झापलं. "आणि दिवा आण इकडं. आणि सुईत दोरा ओवून दे कुणीतरी, माझे डोळे केव्हाच कुत्र्यांना घातलेत."

दोरा इनुकीनं ओवला. उसवणंही तिनंच केलं, टोक दातांत धरून, एकेक लांब टाका. मग तिला वाटलं आता आपल्याकडंच देईल. पण म्हातारीनं अंगरखा आपल्या मांडीवर ओढला आणि इनुकीचं बोट धरून शिवणीच्या पुढं ठेवलं. "इथं ठेवा. मी तुमच्या बोटाशी येऊन थांबेन, तुम्ही एक केस पुढं सरका." असं ते चाललं. सुई इनुकीच्या बोटाला टेकायची, बोट सरकायचं, सुई यायची. दोनतीनदा टोचली. पडवीत त्यांच्या श्वासांचं धुकं एकत्र व्हायचं आणि दाराकडं जायचं. जोआमी दिवा धरून उभा होता आणि सुई सरकेल तसा उजेड सरकवत होता. म्हातारी ओठांत मोजत होती की गात होती कळत नव्हतं. बगलेतला तो करंगळीएवढा जोड, त्याला चहा थंड होऊन गोठेपर्यंत वेळ लागला. इनुकीला वाटत होतं की ती एकाच वेळी इथं बसली आहे आणि तिचं अंगही कुणीतरी जोडतंय, आतून, टाक्याशेजारी टाका. आणि कुठंतरी, बर्फाखाली, कुणाच्या तरी बरगडीवरून वाऱ्याचा पंजा बोटाबोटानं उचलला जातोय. तिला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. ती हलली.

"अहो, नीट बसा की."

"बसलेय."

तिसऱ्या खेपेला ऊन डोंगराच्या काठावर टेकलं होतं आणि खाडी गुलाबी झाली होती. इनुकी बंधाऱ्यापलीकडं गेली, ठरलेलं अंतर चालली, थोडं जास्तच चालली, आणि डाव्या बगलेत लक्ष ठेवून राहिली. तिथं काही नव्हतं. तिथं बगलच नव्हती, नुसती ऊब होती. ती परत आली ती धावत नाही, रमतही नाही, आणि उघड्या दारात, उंबऱ्यावर उभी राहून तिनं हात पसरले.

आर्नाकुकनं श्वास रोखला. बोटं निघाली. उजवा खांदा, पाठ, टोपी, डावा खांदा, जोड. जोडावरून गेली, परत आली, केस उलटे करून मुळाशी गेली. कोरडं होतं. तरी ती पुन्हा फिरली, आणि पुन्हा, इतक्या वेळा की जोआमीनं दिवा या हातातून त्या हातात घेतला. इनुकीचे हात भरून आले होते, पण तिनं ते खाली घेतले नाहीत. म्हातारीचा तळहात शेवटी बरगडीवर सपाट टेकला आणि तिथंच राहिला.

"उद्या किती वाजता निघताय म्हणालात?"

"सातला."

"सातला," म्हातारी म्हणाली. "मग चहा सहालाच टाकते. आणि प्यायचा तो इथं पडवीतच, सांगून ठेवते."